समुद्री जीवाणू, कशाभिका आणि पुंजके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी, शाळांतले विज्ञानशिक्षक आणि कोळंबी संवर्धन करणारे शेतकरी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. पोहण्याचे साधन आणि एकमेकांना चिकटून बसण्याची सवय या दोन गोष्टी वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात, आणि बहुतेकांच्या शंका तेथूनच सुरू होतात.

कशाभिका म्हणजे नेमके काय? ती शेपटीसारखी हलते का?

शेपटी हा शब्द सोयीचा असला तरी फसवा आहे. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते. जीवाणूची कशाभिका मात्र होडीच्या पंख्यासारखी गोल फिरते. पेशीच्या आवरणात बसवलेली मोटर, तिला जोडलेला लवचीक आकडा आणि त्यापुढे मळसूत्राचा पीळ असलेला लांब तंतू, असे तिचे तीन भाग असतात. तंतू फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाच्या हजारो रेणूंचा बनलेला असून त्याची जाडी साधारण २० नॅनोमीटर असते, म्हणजे तो साध्या सूक्ष्मदर्शीखाली दिसतच नाही. लांबी मात्र पेशीच्या कित्येक पट भरू शकते.

समुद्रातल्या व्हिब्रिओ कुळातील जीवाणूंची मोटर एका बाबतीत वेगळी आहे. आपल्या आतड्यातला ई. कोलाय प्रोटॉनांच्या प्रवाहावर मोटर चालवतो, तर व्हिब्रिओंच्या टोकावरची कशाभिका सोडियम आयनांच्या प्रवाहावर फिरते. खाऱ्या पाण्यात सोडियमला तोटा नसल्यामुळे हे इंधन त्यांना कायम उपलब्ध असते. व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस या जीवाणूची मोटर सेकंदाला १,७०० फेऱ्यांपर्यंत फिरते, असे १९९४ मध्ये मोजले गेले. यांच्या तंतूभोवती पेशीच्या बाह्यपटलाचेच एक वेष्टन असते. या वेष्टनाचा संबंध पुढे माकुळाच्या गोष्टीत येईल.

समुद्रात जीवाणूंनी पुंजके करून राहण्याचे कारण काय?

समुद्राचे पाणी आपल्याला जीवसृष्टीने भरलेले वाटते, पण एखाद्या जीवाणूच्या दृष्टीने ते फार विरळ आहे. वरच्या थरातल्या एका मिलिलिटर पाण्यात ढोबळमानाने पाच ते दहा लाख जीवाणू असतात. आकडा मोठा वाटला तरी हिशेब केला तर शेजाऱ्यांमधले सरासरी अंतर सुमारे १०० मायक्रोमीटर येते, म्हणजे एक मायक्रोमीटरच्या पेशीसाठी स्वतःच्या अंगाच्या शंभर पट. अन्न त्याहूनही विखुरलेले असते. मेलेली शैवाले, प्लवकांची विष्ठा, चिकट शर्करांचे धागे असे जे काही खाण्याजोगे असते, ते बरेचसे कणांच्या रूपात असते. यातले अर्ध्या मिलिमीटरहून मोठे कण पांढुरक्या भुरभुरीसारखे खाली उतरत राहतात आणि त्यांना सागरी हिम म्हणतात. अशा कणावर जीवाणूंची दाटी भोवतालच्या पाण्याच्या शेकडो ते हजारो पट असू शकते.

पुंजक्याचा मुख्य फायदा पचनाशी जोडलेला आहे. जीवाणूला तोंड नाही. मोठा रेणू खायचा तर विकर बाहेर सोडावे लागते, ते रेणू तोडते आणि तुकडे पाण्यात पसरतात. एकट्या पेशीने सोडलेले विकर आणि मिळवलेली साखर दोन्ही वाहून जातात. शेजारी अंगाला अंग लावून असतील तर एकाच्या हातून निसटलेला तुकडा दुसऱ्याच्या पदरात पडतो. शिवाय पुंजक्याच्या आतल्या पेशींपर्यंत भक्षक एकपेशीय प्राणी आणि जंतुनाशके सहजी पोहोचत नाहीत.

पोहता येण्याने एकमेकांची गाठ पडण्यात खरोखर किती फरक पडतो?

हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही काढता येते.

न पोहणारा जीवाणूही स्थिर नसतो. पाण्याचे रेणू त्याला सतत ढकलत असतात आणि तो जागच्या जागी थरथरत भरकटत असतो. एक मायक्रोमीटरच्या पेशीसाठी या भरकटण्याचा गुणांक सेकंदाला साधारण ०.४ चौरस मायक्रोमीटर येतो. आता सेकंदाला ५० मायक्रोमीटर पोहणारा आणि दर अर्ध्या सेकंदाला दिशा बदलणारा जीवाणू घ्या. त्याचाही मार्ग वेडावाकडा असतो, पण त्याची प्रत्येक मजल लांब असते. वेगाचा वर्ग गुणिले मजलेचा काळ भागिले तीन, असा हिशेब केला की गुणांक सुमारे ४०० येतो. म्हणजे हजार पट फरक.

वर सांगितलेले १०० मायक्रोमीटरचे अंतर घेतले तर भरकटणाऱ्या पेशीला ते कापायला तासाभराहून अधिक वेळ लागतो, तर पोहणारीला चार-पाच सेकंद पुरतात. स्थिर कणाला जीवाणू किती वेळा धडकतील हे याच गुणांकाच्या प्रमाणात ठरत असल्यामुळे धडकांची संख्याही हजार पटीने वाढते. पुंजका होण्यासाठी आधी गाठ पडावी लागते, आणि विरळ पाण्यात कशाभिकेचा सर्वांत मोठा वाटा येथेच आहे.

समुद्रातले सगळेच जीवाणू पोहतात असे मात्र समजू नये. संख्येने प्रचंड असलेल्या एसएआर-११ गटातल्या पेशींना कशाभिकाच नसतात. त्या पाण्यात विरघळलेल्या अन्नावर एकेकट्या जगतात आणि कणांच्या मागे लागत नाहीत. कशाभिका तयार करणे आणि फिरवणे हा खर्च आहे, आणि ज्याची उपजीविका कणांवर चालते त्यालाच तो परवडतो.

जीवाणू आंधळेपणाने पोहतात, की त्यांना दिशा कळते?

कळते. पेशीच्या टोकाशी असलेली ग्राही प्रथिने भोवतालच्या रसायनांचे प्रमाण क्षणाक्षणाला मोजतात. प्रमाण वाढत असेल तर पेशी त्याच दिशेने जास्त वेळ पोहते, घटत असेल तर लवकर वळते. खाली बुडणाऱ्या कणामागे विरघळलेल्या अन्नाचा एक धूसर पट्टा राहतो. चपळ जीवाणू तो पट्टा पकडून कणापर्यंत येतात, आणि एकाच कणाकडे अनेक जण वळल्यामुळे तेथे आपोआप दाटी होते.

वळण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. ई. कोलायला अनेक कशाभिका असल्यामुळे त्यांची जुडी विस्कटून तो कोलांटी घेऊ शकतो. एकाच कशाभिकेच्या व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसला ही सोय नाही. तो आधी मोटर उलटी फिरवून मागे येतो, आणि पुन्हा पुढे निघताच काही मिलिसेकंदांत त्याच्या कशाभिकेच्या बुडाशी असलेला लवचीक आकडा दाबाखाली मुडपतो, त्यासरशी पेशी झटक्याने साधारण काटकोनात वळते. हा झटका २०११ मध्ये नोंदवला गेला आणि आकडा मुडपल्यामुळे तो बसतो हे २०१३ मध्ये दाखवण्यात आले. एखाद्या यंत्रात असा मुडपणारा भाग असता तर आपण तो सदोष ठरवला असता; येथे मात्र त्याच मुडपण्यावर दिशा बदलण्याची सगळी मदार आहे.

कशाभिका गोंदासारखी काम करते का? पेशी कशाभिकांनीच एकमेकींत गुंततात का?

मुख्यतः नाही, आणि याबाबतचा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो. धरून ठेवण्याचे काम दोन वेगळ्या गोष्टी करतात. पहिली म्हणजे पिली नावाचे केसांसारखे आखूड तंतू, जे पृष्ठभागाला किंवा शेजारच्या पेशीला पकडतात. दुसरी म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या बहुशर्करा आणि काही प्रथिने, ज्यांच्या चिकट जाळ्यात सगळा पुंजका बसलेला असतो.

पटकीच्या जीवाणूवर, म्हणजे व्हिब्रिओ कॉलरीच्या एल टॉर प्रकारावर १९९९ मध्ये झालेल्या प्रयोगांत ही कामाची वाटणी स्पष्ट दिसली. कशाभिका किंवा पिली बिघडवलेल्या पेशींना पृष्ठभागावर जम बसवायला फार वेळ लागला. बहुशर्करा तयार न करणाऱ्या पेशी पृष्ठभागापर्यंत आल्या, टेकल्या, पण त्यांचा जाड, उंचसखल थर उभा राहिला नाही.

२०१४ मध्ये याच जीवाणूच्या एकेका पेशीचा माग काढण्यात आला, तेव्हा पृष्ठभागाजवळ त्यांच्या दोन चाली आढळल्या. काही पेशी लांबलचक, जवळजवळ सरळ रेषेत पृष्ठभागालगत हिंडत राहतात. काही मात्र एकाच जागेभोवती लहान वर्तुळांत घिरट्या घालतात, कारण कशाभिका पुढे ढकलत असताना त्यांच्या पिली पृष्ठभागाला घासत, अडकत आणि सुटत असतात. या घिरट्या घालणाऱ्या पेशीच पुढे तेथे बसतात आणि त्यांच्याभोवती वसाहत वाढते. म्हणजे पुढे नेणारी कशाभिका आणि मागे ओढणारी पिली यांच्या रस्सीखेचीतून बसण्याची जागा ठरते.

तंतू स्वतः आधार देतो अशी उदाहरणे आहेत, पण त्यांतले चांगले अभ्यासलेले उदाहरण समुद्रातले नाही: ई. कोलायच्या वसाहतीत तळाच्या पेशींभोवती कशाभिकांचे जाळे विणलेले दिसते. तोच निष्कर्ष सरसकट समुद्री जीवाणूंना लावणे मला योग्य वाटत नाही.

खाऱ्या पाण्याचा पुंजके होण्याशी काही संबंध आहे का?

आहे. जीवाणूंच्या पृष्ठभागावर सहसा ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे दोन पेशी जवळ येताना एकमेकींना ढकलतात. गोड्या पाण्यात हे ढकलणे लांबवर जाणवते. समुद्राच्या पाण्यातले आयन मात्र हा भार झाकून टाकतात आणि ढकलण्याचा पल्ला एका नॅनोमीटरच्याही आत येतो. त्यामुळे समुद्रात जवळ आलेल्या पेशींना चिकटायला अडथळा कमी असतो, आणि जवळ येणे हाच अवघड टप्पा उरतो. नदीतल्या जीवाणूंविषयीची माहिती समुद्राला जशीच्या तशी लावता येत नाही, ती यामुळे.

पृष्ठभागाला टेकल्याचे जीवाणूला कसे कळते?

त्याची कशाभिका कळवते. कोळंबी आणि शिंपल्यांमधून माणसाला पोटाचा विकार करणारा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. मोकळ्या पाण्यात त्याच्या टोकाला एकच कशाभिका असते. तो पृष्ठभागावर आला किंवा पाणी दाट झाले की ती कशाभिका पूर्वीच्या वेगाने फिरू शकत नाही. मोटर अडखळली हाच निरोप समजून पेशी आपल्या अंगभर नव्या, बाजूच्या कशाभिका तयार करते आणि पृष्ठभागावर थव्याने सरकू लागते. १९८८ मध्ये हे दाखवताना संशोधकांनी कशाभिकेला बलमापकाची उपमा दिली. पुढे सोडियमचा प्रवाह औषधाने रोखून मोटर मंदावली, तेव्हा पृष्ठभाग नसतानाही पेशींनी बाजूच्या कशाभिका तयार केल्या.

म्हणजे कशाभिका जसे वाहन आहे, तसे ते स्पर्शेंद्रियही आहे. माझ्या मते पुंजक्यांच्या संदर्भात तिचे हे दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे असून पाठ्यपुस्तकांत त्याला फारच थोडी जागा मिळते.

पुंजका झाल्यावर कशाभिकांचे काय होते? कशाभिका नसलेले काही जीवाणू उलट जास्त चिकटतात, असेही वाचले आहे.

दोन्ही शंकांचे उत्तर एकच आहे. पेशीच्या आत सायक्लिक डाय-जीएमपी नावाचा एक लहान निरोप्या रेणू असतो. त्याचे प्रमाण कमी असताना पेशी पोहते. वाढले की बहुशर्करा तयार करणारी जनुके चालू होतात आणि कशाभिकांची जनुके मंदावतात. पोहणे आणि चिकटणे ही दोन्ही कामे एकाच पेशीने एकाच वेळी जोमाने करू नयेत, अशी ही व्यवस्था आहे.

२००१ मध्ये पटकीच्या जीवाणूच्या ओ-१३९ प्रकारात फ्लॅजेलिनचे जनुक काढून टाकले, तेव्हा कशाभिकाहीन पेशींनी भरपूर बहुशर्करा सोडली आणि त्यांच्या वसाहती गुळगुळीत राहण्याऐवजी सुरकुतलेल्या झाल्या. तंतू नाही पण मोटर जागेवर आहे, ही स्थिती पेशीने ‘आता बसायची वेळ झाली’ अशी घेतली असावी, असा त्याचा अर्थ लावतात. कारण पुढच्या प्रयोगांत मोटरचे भागही निकामी केल्यावर हा चिकटपणा ओसरला. तेव्हा कशाभिका पुंजक्याला मदत करते हे जितके खरे, तितकेच तिचे नसणेही मदत करू शकते हे खरे आहे. प्रयोगाचा निकाल वाचताना पेशी मोकळ्या पाण्यात विरळ होत्या की आधीच दाटीत होत्या, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. विरळ पाण्यात कशाभिका नसेल तर गाठच पडत नाही. प्रयोगशाळेच्या नळीत पेशी आधीच इतक्या दाट असतात की गाठ पडण्याची अडचण राहत नाही आणि फक्त चिकटपणा मोजला जातो.

हवाईच्या माकुळाचे उदाहरण नेहमी का दिले जाते?

कारण तेथे पुंजका होणे आणि पोहणे हे दोन टप्पे निसर्गतःच वेगळे झालेले आहेत. हवाईच्या उथळ किनाऱ्यावर युप्रिम्ना स्कोलोपीस हे अंगठ्याएवढे माकूळ राहते. त्याच्या पोटाकडच्या बाजूला प्रकाश देणारे इंद्रिय असते आणि त्यात अलिव्हिब्रिओ फिशरी हे चमकणारे जीवाणू राहतात. पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा हे इंद्रिय रिकामे असते. भोवतालच्या पाण्यातल्या जीवाणूंमध्ये या जातीचे प्रमाण हजारात एकाहूनही कमी असताना त्याला नेमके तेच मिळवायचे असतात.

पिल्लाच्या इंद्रियाभोवतीचे सूक्ष्म केस पाणी आत ओढतात आणि छिद्रांच्या बाहेर चिकट स्राव सुटतो. त्या स्रावात जीवाणूंचा पुंजका जमतो. काही तासांनी पुंजक्यातल्या पेशी छिद्रांतून आत शिरतात, अरुंद नळ्यांतून पुढे जातात आणि आतल्या कप्प्यांत मुक्काम करतात. २००० च्या सुमारास झालेल्या निरीक्षणांत असे आढळले की कशाभिका निकामी असलेल्या पेशींचाही छिद्राबाहेर छान पुंजका होतो. येथे केसांचा प्रवाह त्यांना आणून सोडतो आणि बहुशर्करा बांधून ठेवते. मात्र या पेशींना आत जाता येत नाही. आत जाण्यासाठी पोहावे लागते, आणि कायटिन या कवचांत आढळणाऱ्या बहुशर्करेपासून सुटलेल्या शर्करेचा माग त्यांना वाट दाखवतो. कशाभिकेच्या फिरण्याने तिच्या वेष्टनातले काही रेणू पाण्यात सुटतात आणि ते माकुळाच्या ऊतींना पाहुणा आल्याची वर्दी देतात, हेही नंतर समजले.

आत गेल्यावर एका दिवसात जीवाणू कशाभिका टाकून देतात. रोज पहाटे माकूळ त्यांच्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक बाहेर सोडते, आणि बाहेर पडलेल्या पेशींना पुन्हा कशाभिका फुटतात.

म्हणून ‘पुंजका होण्यासाठी कशाभिका लागतेच का’ या प्रश्नाला माझे उत्तर असे असते: पेशींना आणून सोडणारे दुसरे कोणी असेल तर लागत नाही.

कशाभिका फिरल्यामुळे उठणाऱ्या प्रवाहानेच पेशी एकत्र ओढल्या जातात, असे कधी होते का?

होते, आणि थायोव्हुलम मॅजस हा त्याचा उत्तम नमुना आहे. खाजणातल्या गंधकयुक्त चिखलात राहणारा हा जीवाणू जीवाणूंच्या मानाने अवाढव्य, साधारण आठ मायक्रोमीटर व्यासाचा असतो आणि सेकंदाला ६०० मायक्रोमीटरपर्यंत पोहतो. त्याच्या सबंध अंगावर कशाभिका असतात. तो पोहत जाऊन काचेला टेकला तरी कशाभिका थांबत नाहीत. पेशी पुढे जात नाही, पण पाणी मागे ढकलले जात राहते, आणि ती जागा भरायला काचेलगतचे पाणी चहूबाजूंनी पेशीकडे धावते. या ओढीत शेजारची पेशी येते, मग तिसरी येते. २०१५ मध्ये वर्णिलेल्या प्रयोगांत अशा शेकडो पेशींचे षट्कोनी मांडणीचे थर तयार झाले. प्रत्येक पेशी स्वतःभोवती फिरत होती आणि सबंध थरही सावकाश फिरत होता. येथे गोंद नाही, पकडणारे तंतू नाहीत. कशाभिका थांबल्या तर ही ओढही संपते.

इतक्या लहान आकारात पाणी फार चिकट वागते, हे यामागचे कारण आहे. मोटर थांबली तर सामान्य जीवाणू एका अणूच्या व्यासाहून कमी अंतरात जागीच थांबतो. त्यामुळे पाण्यातला प्रवाह हेच शेजाऱ्याला ओढण्याचे किंवा ढकलण्याचे साधन असते.

संपूर्ण पुंजकाच पोहतो, असा एखादा जीवाणू आहे का?

ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोजवळ अरारुआमा नावाचे अतिखारट सरोवर आहे. तेथल्या मॅग्नेटोग्लोबस मल्टिसेल्युलॅरिस या जीवाणूच्या सुमारे १० ते ४० पेशी मिळून एक पोकळ गोळा करतात. प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या बाजूला अनेक कशाभिका असतात, आतल्या बाजूला एकही नसते. पेशींमध्ये लोहयुक्त चुंबकीय कण असल्यामुळे सबंध गोळा चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत पोहतो. हा गोळा फुटून पेशी मोकळ्या होतात आणि मग पुन्हा एकत्र येतात, असे घडत नाही. गोळ्याचे विभाजन होऊन दोन गोळे होतात आणि एकटी पडलेली पेशी टिकाव धरत नाही. एवढ्या पेशींच्या कशाभिकांनी एका दिशेला जोर लावायचा तर त्यांच्यात काहीतरी ताळमेळ हवाच.

पुंजके मोडतात कसे?

याही कामात कशाभिका आहेत. तपकिरी समुद्री शैवालांत अल्जिनेट नावाची बहुशर्करा असते. व्हिब्रिओ स्प्लेन्डिडस या जीवाणूला तीच खायला दिली की एका पेशीच्या वंशजांचे गोल पुंजके वाढतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा पुंजक्यात दोन वस्त्या आढळल्या: बाहेर न हलणाऱ्या पेशींचे कवच, आणि आत कार्बनचा साठा केलेल्या, पोहणाऱ्या पेशींचा गाभा. गाभ्यातल्या या पेशी पोहत बाहेर पडल्या की पुंजका मोडतो. ज्या पेशीसमूहात असा साठा केलेल्या पेशी अधिक, तो अल्जिनेटवर नवे पुंजके अधिक सहजपणे उभे करतो. शिदोरी बांधून पुढच्या गावाला निघालेल्या माणसांची आठवण व्हावी, असेच हे चित्र आहे.

या सगळ्याचा पटकीशी आणि साडीने पाणी गाळण्याशी काय संबंध?

पटकीचा जीवाणू मुळात खाड्या आणि त्रिभुजप्रदेशांतला रहिवासी आहे. तो कोपेपॉड नावाच्या बारीक प्राणिप्लवकांच्या कायटिनच्या कवचावर पोहत जाऊन बसतो आणि तेथे दाट वस्ती करतो. सुटा जीवाणू कोणत्याही कापडातून सहज पार होतो. प्लवकावर बसलेला मात्र प्लवकाबरोबर अडकतो. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीच्या चार किंवा अधिक घड्या केल्या की धागे फुलून तिची छिद्रे साधारण २० मायक्रोमीटरची होतात. बांगलादेशातील मतलब भागात खेड्यांमध्ये ही पद्धत शिकवून पाहिली गेली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. आपल्या घरांतही माठाच्या तोंडाला फडके बांधण्याची रीत जुनी आहे, परंतु एकेरी विरळ फडक्याने हे काम होत नाही, आणि सुटे जीवाणू तर घडीच्या साडीतूनही जातात. पाणी उकळणे शक्य असेल तेथे उकळावेच.

कोळंबीच्या तलावात आणि हॅचरीत याचा उपयोग काय?

व्हिब्रिओ हार्वेयी आणि व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हे कोळंबीचे मोठे शत्रू आहेत. पाण्याचा नमुना तपासून जीवाणू कमी निघाले म्हणजे धोका टळला, असे नाही. ते पोहत जाऊन सिमेंटच्या भिंती, प्लास्टिकचे पाइप आणि पोलादी भाग यांवर चिकट थर करून बसतात, आणि थरातल्या पेशी क्लोरीन व प्रतिजैविके यांना सुट्या पेशींपेक्षा पुष्कळच कमी दाद देतात. पाण्यात जंतुनाशक टाकल्यावर सुटे मरतात, थर राहतो, आणि काही दिवसांत थरातून नव्या पोहणाऱ्या पेशी बाहेर पडतात. म्हणून दोन हंगामांच्या मध्ये टाक्या रिकाम्या करून आधी ब्रशने खरवडाव्यात, मग जंतुनाशक लावावे आणि पूर्ण वाळू द्याव्यात. बोट लावून पाहिले असता भिंत बुळबुळीत लागत असेल, तर काम झालेले नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर रात्री चमकणाऱ्या लाटा याच जीवाणूंमुळे दिसतात का?

नाही. ती चमक बहुतेक वेळा नॉक्टिलुका या एकपेशीय प्लवकाची असते, जो जीवाणूंहून शेकडो पट मोठा आहे. लाट फुटली किंवा पाय आपटला की क्षणभर चमकते ते नॉक्टिलुका. जीवाणूंचा प्रकाश मंद आणि सलग असतो व तो पुरेशी दाटी झाल्यावरच उमटतो.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत यातले काय पाहता येईल?

लोंबत्या थेंबाचा साधा प्रयोग पुरेसा आहे. आच्छादन काचेच्या चार कडांना व्हॅसलिन लावून मध्यावर समुद्राच्या ताज्या पाण्याचा थेंब ठेवावा, वर खोलगट काचपट्टी उपडी ठेवून हलके दाबावे आणि सगळे झटकन उलटे करावे. थेंब खोलगट भागात लोंबत राहील. सूक्ष्मदर्शीची ४० पटींची भिंग-नळी लावून, प्रकाश कमी करून थेंबाची कड शोधावी. बहुतेक ठिपके जागच्या जागी थरथरताना दिसतील. ते पोहणे नव्हे. एखादा ठिपका शेजाऱ्यांना ओलांडून रेषेत निघून गेला, थबकला, मागे आला आणि वेगळ्याच बाजूला सुटला, तर तो कशाभिकेवर चाललेला आहे. सर्व ठिपके एकाच दिशेला वाहत असतील तर काचेची कड नीट बंद झालेली नाही, असे समजून पुन्हा सुरुवात करावी.

दुसऱ्या एका स्वच्छ काचपट्टीला दोरा बांधून ती समुद्राच्या पाण्याच्या बरणीत दिवसभर लोंबत ठेवावी, स्वच्छ खाऱ्या पाण्याने हलकेच धुऊन मग पाहावी. काचेला धरून बसलेले ठिपके दोन-दोन, चार-चार असे जवळजवळ दिसतील आणि त्यांच्याभोवती काही ठिपके अजून घिरट्या घालत असतील. पाण्यात पेप्टोन किंवा अन्य पोषकद्रव्य मिसळू नये. तसे केल्यास रोगकारक व्हिब्रिओही भराभर वाढू शकतात. काम झाल्यावर काचपट्ट्या आणि पाणी जंतुनाशकात ठेवूनच टाकावे.